आकडा सोडून टिळा

नगरमधल्या एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात मी सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. माझी नोकरी अजून चार वर्षं आहे, विभाग मात्र यंदा बंद झाला. शेवटच्या चार वर्षांत पहिल्या वर्षाला अकरा, सात, चार आणि शून्य मुलं आली. शून्यानंतर काही करण्यासारखं नव्हतं. विभागाला लागून एक लांबट खोली आहे, तिला आम्ही म्युझियम म्हणत आलो. तिच्यात सहा काचेची कपाटं होती. पाचव्या कपाटात दोनशे चौदा अमोनाइट होते. त्यांतल्या एकसष्टांचं जे झालं ते माझ्या हातून झालं. ते जसं झालं तसं लिहून ठेवतो आहे.

अमोनाइट हा समुद्रातला प्राणी होता. माणूस यायच्या कितीतरी आधी तो संपला. त्याचं कवच मेंढ्याच्या शिंगासारखं गुंडाळलेलं असे, ते चिखलात गाडलं गेलं आणि दगड होऊन राहिलं. पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात चक्राची खूण असलेला शाळिग्राम असतो, त्यातलं चक्र म्हणजे हाच प्राणी. आमच्या जिल्ह्यात तो सापडत नाही. इकडे सगळा काळा कातळ, थंड झालेल्या लाव्ह्याचा, त्यात समुद्राचं काही नाही. म्हणजे कपाटातला प्रत्येक अमोनाइट कोणीतरी बाहेरून आणलेला होता. ते आणणारे एकच गृहस्थ, आमचे सर.

मी नोकरीला लागलो तेव्हा सर विभागप्रमुख होते. मूळचे राजूरकडचे, डोंगरात वाढलेले, चालायला कधी न दमणारे. दिवाळीची सुट्टी लागली की कॅनव्हासची पिशवी, हातोडी आणि गुळाची ढेप घेऊन निघायचे ते कच्छला नाहीतर तमिळनाडूत अरियालूरकडे. अशा तेवीस दिवाळ्या त्यांनी घराबाहेर काढल्या. दोन मे महिने हिमालयात स्पितीत गेले. येताना पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड असायचे आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीनं गाव, टेकडी, थर, तारीख.

मग त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येक नमुन्यावर, न दिसेल अशा बाजूला, मसुरीच्या डाळीएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका. तो वाळला की बारीक टाकानं काळ्या शाईत आकडा. त्यावर रोगणाचा हात. तोच आकडा नोंदवहीत, पुढे ठिकाण, थर, तारीख, व्यास. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मला एकदा समजावून सांगितलं होतं.

"दगड इथं आहे आणि डोंगर तिथं. मधला दोरा म्हणजे हा आकडा. तो तुटला की मग नुसता दगड."

मला आकड्यांची पहिल्यापासून आवड. घरातसुद्धा गॅसची टाकी किती दिवस चालली ते मी कॅलेंडरवर लिहितो. त्यामुळे सरांचं बोलणं मला त्या दिवशीच पटलं होतं. कळलं नव्हतं म्हणून चूक झाली असं मला म्हणता येत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. दुकानदार तराजू पुजतो, गॅरेजवाला पाने पुजतो. आम्ही हातोड्या, सूक्ष्मदर्शक, दगड कापायचं यंत्र धुऊन-पुसून टेबलावर मांडायचो आणि झेंडूची फुलं वाहायचो. आमचे तेव्हाचे शिपाई मामा मोठे भाविक. त्यांनी पहिल्याच वर्षी पाचव्या कपाटासमोर निरांजन लावलं आणि एकेका अमोनाइटाला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. मी म्हणालो, मामा, हे नमुने आहेत. त्यावर ते म्हणाले, "आवो, ह्ये तर देवच हायेत. तुमच्या हातोड्याला फूल चालतंय, अन् देवाला न्हाई व्हय?"

तेवढ्यात सर आत आले. ते रागावतील असं वाटलं. त्यांनी मामांच्या हातातला दगड घेतला, उलटा केला, ठिपका दाखवला आणि म्हणाले, "टिळा लावायचा तर आकडा सोडून लावा."

तेव्हापासून तो रिवाज पडला. मामा निवृत्त झाल्यावर टिळे मी लावू लागलो. आकडा सोडून. सर निवृत्त होऊन राजूरला गेले, तरी खंडेनवमी चालू राहिली. पुसून न काढलेली हळद वर्षानुवर्षं खाचांत बसत गेली. त्यावर निरांजनाच्या तेलाची काजळी. कच्छच्या एका थरातले दगड मुळात सोनेरी कणांचे, तेसुद्धा चिकट तपकिरी दिसायला लागले.

चार वर्षांपूर्वी कॉलेजला मूल्यांकन समिती यायची होती. नव्या विभागप्रमुख मॅडमनी म्युझियम नीट करायला सांगितलं. पाचवं कपाट उघडून त्यांनी एक अमोनाइट उचलला आणि बोटं रुमालाला पुसली. एवढं मला पुरलं. ओल्या फडक्यानं काही निघेना, ब्रशनं निघेना. आमच्या घरी समईचं चिकटलेलं तेल आई गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काढायची. मी तोच उपाय केला. घमेल्याला दोन मुठी.

आता सर्वांत वाईट गोष्ट सांगतो, आणि ती निष्काळजीपणाची नाही. मोठे नमुने लहानांवर आदळून टवके उडतील म्हणून मी ते आकारानं वेगळे केले. मोठे एका घमेल्यात, मधले दुसऱ्यात, सुपारीएवढे बादलीत. कपाटातले ट्रे ठिकाणांप्रमाणे लावलेले होते: कच्छचे तीन, अरियालूरचे दोन, नर्मदेकाठचा एक, स्पितीचा एक. ट्रेवार धुतले असते तर निदान ट्रे कळला असता. मी काळजी घेतली आणि तेवढीही खूण राहिली नाही.

संध्याकाळी भिजत घातले आणि घरी गेलो. सकाळी येऊन पाहिलं तर हळद निघाली होती. पाण्यावर पांढरे पापुद्रे तरंगत होते. एक बोटावर घेतला, त्यावर ८३ होतं. दुसऱ्यावर १४०. सोड्यानं तेलाबरोबर ठिपक्याचा तैलरंगही सोडवला होता. मी पाणी पंच्यातून गाळलं आणि पापुद्रे वर्तमानपत्रावर पसरले. ते कशासाठी केलं ते माझं मला माहीत नाही. सुटलेला आकडा पुन्हा कशाला चिकटवणार?

मोजले. अडतीस दगडांवर आकडा टिकला होता. तिथं रोगणाचा हात जाड बसला असावा. एकशे शहात्तरांवर काही नव्हतं.

दगड मात्र असे स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते. सोनेरी, राखाडी, काळेभोर, शिरा न् शिरा दिसत होती. समिती आली, म्युझियममध्ये सहा मिनिटं थांबली आणि जाताना स्वच्छतेबद्दल बोलून गेली. मॅडमनी माझं कौतुक केलं. मी रंगावरून अंदाजे ट्रे लावून ठेवले होते, आकड्याची बाजू खाली. चार वर्षं ते तसेच राहिले. मी कोणाला काही बोललो नाही. बायकोलाही नाही.

या वर्षी विभाग बंद करायचं ठरलं तेव्हा मॅडमनी धडपड करून एका मोठ्या संशोधन संस्थेला पत्र लिहिलं. त्यांनी अमोनाइट घ्यायची तयारी दाखवली आणि एक तक्ता पाठवला. प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, ठिकाण, थर, तारीख. तिथल्या बाईंचा फोन मीच घेतला. ठिकाणाशिवायचा नमुना आम्हाला ठेवता येत नाही, असं त्यांनी सौजन्यानं सांगितलं. जे जाणार नाहीत त्यांचं काय, ते मला विचारावं लागलं नाही. कॉलेजात त्याला निर्लेखन म्हणतात. तीन जणांची समिती बसते, वस्तू निरुपयोगी असल्याचं लिहून देते आणि वस्तू वहीतून जाते.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांना मॅडमनी कळवलं होतं. आवाज बारीक झाला होता, पण आनंद लपत नव्हता. तिथं मुलं अभ्यास करतील रे, म्हणाले. कपाटात राहून काय उपयोग होता. सगळे नीट बांधून पाठव, एकेकाला वेगळा कापूस दे. मी बरं म्हणालो.

त्यानंतरचे पाच आठवडे मी व्हर्नियर घेऊन बसलो. एकेका दगडाचा व्यास मोजायचा, नोंदवहीतल्या व्यासाशी ताडून बघायचा. सरांनी व्यास मिलिमीटरमध्ये लिहिले होते, शिवाय काहींच्या पुढे शेरा: 'तोंड तुटलेलं', 'एका बाजूस दुसरा लहान'. रंगावरून प्रदेशाचा अंदाज यायचा, व्यासावरून आकडा. जिथं एका दगडाला एकच नोंद बसत होती आणि त्या नोंदीला दुसरा दगड बसत नव्हता, तेवढेच मी धरले. एकशे पंधरा जुळले. अडतीस आधीचे, म्हणजे एकशे त्रेपन्न. उरले एकसष्ट. त्यांत एकाच मापाचे दोन-दोन, तीन-तीन होते, आणि सुपारीएवढ्यांचे तर व्यासच सरांनी लिहिले नव्हते, नुसतं 'लहान' लिहिलं होतं.

एकसष्ट दगड ओळखू शकेल असा एकच माणूस होता.

मी दोन पिशव्या भरल्या. वजन साडेअकरा किलो भरलं. निघताना मनात एक आलं आणि मी आकडा टिकलेले आणखी पाच नमुने घेतले, त्यांच्या आकड्यांवर कागदी पट्टी चिकटवली. सरांवर अविश्वास म्हणून नव्हे. मोजमाप करताना माहीत असलेली वस्तू आधी मोजून बघावी, हे सरांनीच शिकवलं होतं.

संगमनेरवरून अकोले गावी आणि तिथून राजूरला गेलो. राजूरच्या गाडीत कंडक्टरनं पिशवी सरकवायला पायानं ढकलली, ती हलेना. "पाहुणं, दगडं भरलीत का काय?" मी हो म्हणालो. सगळी गाडी हसली. "मग त्यांचं अर्धं तिकीट काढा की," म्हणाला. मीही हसलो. भाताची खाचरं भरलेली होती, डोंगरावरून ढग खाली उतरलेले होते आणि पाऊस थांबत नव्हता.

सर पडवीत खुर्चीवर बसले होते. स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची मुलगी त्यांच्याजवळ असते. माझ्याच वयाची, तिथल्या शाळेत शिकवते. मला भाऊ म्हणते, मी ताई म्हणतो. तिनं चहा दिला आणि आत जाताना हळूच सांगितलं, की कालचं कधी-कधी राहत नाही, पण जुनं सगळं आठवतं. मला बरं वाटलं. मला जुनंच हवं होतं.

मी सरांना सांगितलं की एकसष्ट दगडांचे आकडे निघून गेलेत आणि ठिकाण कळलं नाही तर संस्था ते घेणार नाही. कसे ते सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"माझा रंग हलका होता," म्हणाले. "तेव्हा जो मिळाला तो घेतला. चांगला घ्यायला हवा होता."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पिशवी उघडली.

पहिला दगड हातात घेतल्यावर सर बदलले. पाठ सरळ झाली. अंगठा गुंडाळीवरून आतल्या टोकापर्यंत फिरवला आणि बोलायला लागले. कच्छमधली एक टेकडी, पायथ्याला बाभळी, एका रबारी माणसानं दिलेलं उंटिणीचं दूध आणि त्यानं बिघडलेलं पोट. नदीच्या पात्रात वाळूखाली ओल शोधून काढलेलं पाणी. मी लिहीत गेलो. दुसरा दगड, तिसरा दगड. प्रत्येकाला एक गाव होतं, एक माणूस होता. मला वाटायला लागलं की एकसष्टच्या एकसष्ट संध्याकाळपर्यंत होतील.

अकरावा दगड पट्टी लावलेला होता. सोनेरी बारीक कणांचा, पट्टीखाली १७ आकडा, कच्छचा. हा थर पहिल्या वर्षाचा मुलगाही ओळखतो. सर म्हणाले, अरियालूर. मग तिथली लाल माती, काजूची झाडं, विहिरीवर भांडणाऱ्या दोन बायका. सांगताना हसलेही.

मी पुढचा दिला. आणखी तिघांनंतर पट्टीचा दुसरा. तोही चुकला. मग मी मघाचा चौथा दगड पुन्हा पुढे केला. मघाशी तो नर्मदेकाठचा होता, आता स्पितीचा झाला. तिथल्या थंडीत शाई गोठली आणि त्यांनी बाटली काखेत धरून लिहिलं, ही हकिगत त्यांनी सांगितली. ती मी पूर्वीही ऐकली होती, अगदी तशीच. आठवण खरी होती, दगड दुसरा होता.

पट्टीच्या पाचांपैकी एक बरोबर आला. आमच्याकडे चारच प्रदेशांचे नमुने आहेत. चारांतला एक डोळे मिटून सांगितला तरी पाचांत एखादा बरोबर येतो.

पट्टीचे सोडून चाळीस दगड झाल्यावर सर थकले. खुर्चीतच डोळा लागला. मी दगड परत कागदात गुंडाळत होतो, तेव्हा ताई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. समासात मी बारीक फुल्या केल्या होत्या.

"तुम्ही त्यांची परीक्षा घेत होता," त्या म्हणाल्या. "एकच दगड दोनदा दिलात. मी दारातून बघत होते."

मी मान हलवली. किती बरोबर, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

त्या शांतपणे बोलल्या. त्यांच्या लहानपणी दिवाळीत वडील कधी घरी नसत. आई किल्ला करायची, आकाशकंदील आई लावायची, आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सर यायचे ते दगडांची पिशवी घेऊन. "आमच्या तेवीस दिवाळ्या आहेत त्या कपाटात, भाऊ. त्यातल्या एकसष्ट दगडांच्या तुम्ही फेकून देणार?"

मी हातातला दगड कागदात गुंडाळला.

"ते म्हणाले तसं लिहा. तुमच्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

हे खरं होतं. कोणालाच कळलं नसतं. चाळीस गावं माझ्या वहीत तयार होती, उरलेली एकवीस दुसऱ्या दिवशी मिळाली असती. संस्थेनं ती मानली असती, सरांच्या तोंडची म्हणून आदरानं मानली असती. मग कोणीतरी मुलगा किंवा मुलगी अरियालूरच्या थरात कच्छचा प्राणी बघून त्यावर कित्येक महिने घालवणार. मी ताईंना एवढंच म्हणालो, की सरांच्या नावावर चुकीचं ठिकाण जायला नको. त्या उठून आत गेल्या. निघताना त्यांनी डबा दिला, पण फाटकापर्यंत आल्या नाहीत. सर जागे झाले होते. त्यांनी हात वर करून विचारलं, झाले ना सगळे? मी म्हणालो, पुष्कळ झाले. गाडीत बसल्यावर डबा मांडीवर होता, तो नगर येईपर्यंत उघडला नाही.

तक्ता भरायला घेतला. एकशे त्रेपन्न ओळी दोन दिवसांत झाल्या. एकसष्ट ओळींत ठिकाण अज्ञात. संस्थेच्या तक्त्यात शेवटी एक रकाना होता: क्रमांक किंवा ठिकाण उपलब्ध नसल्यास कारण. मॅडम म्हणाल्या, लिहा, कालौघात अस्पष्ट. सगळेजण तसंच लिहितात. त्या चांगल्या स्वभावाच्या आहेत, मला वाचवायला म्हणाल्या नव्हत्या, त्यांना माहीतच नव्हतं.

मी लिहिलं: 'धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवल्यामुळे रंगासह क्रमांक निघाला. धुणारा, प्रयोगशाळा सहायक.' खाली सही. संगणकावर एक ओळ लिहून बाकीच्या साठ ओळींत चिकटवता येते, पण मी नोंदवहीतही तोच शेरा एकसष्ट वेळा हातानं लिहिला. शेवटीशेवटी अक्षर बिघडलं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सही केली. चार वर्षं, एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

एकशे त्रेपन्न नमुने कापसात बांधून सात खोक्यांतून गेले. राहिलेल्यांवर समिती बसली, निर्लेखन झालं. ते झाल्यावर एक गोष्ट सुरू झाली, जिचा मी विचार केला नव्हता. ऑफिसातल्या बाई येऊन हळूच विचारून गेल्या, की देव्हाऱ्यात ठेवायला एक मिळेल का, सासूबाई कधीच्या शाळिग्राम मागताहेत. मग ग्रंथालयातले आले. मग आणखी. एकंदर चौदा गेले. नेताना प्रत्येकानं दगड दोन्ही हातांत घेतला. आता त्यांना टिळा कुठंही लावता येतो. सत्तेचाळीस जिन्याखालच्या लोखंडी पेटीत आहेत. मलाही एक घ्या म्हणाले, मी घेतला नाही.

सरांना सांगायचं राहिलं होतं. राजूरला जाऊन सांगायला हवं होतं. पण धीर झाला तो फोनपुरताच. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला लावला. एकशे त्रेपन्न गेले, एकसष्ट राहिले, रंगाचा दोष नव्हता, आकडे मी धुतले, असं एका दमात सांगितलं.

"सोडा किती घातला होतास?"

"घमेल्याला दोन मुठी."

"पाणी गरम?"

"हो सर."

"मग नाही राहायचा," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. अठ्ठावीस वर्षांचं काम, म्हणाले, आणि तुला मी सांगितलं होतं, तुलाच सांगितलं होतं. ते मला इतकं कधी बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर छातीवरचं थोडं हलकं झालं होतं. बायकोला त्या दिवशी सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी सरांचा फोन आला. आवाज मऊ. खोकी गेली का रे? किती गेले? एकसष्ट राहिले? मग थांबून म्हणाले, माझाच रंग हलका होता. आधी मला वाटलं, ते मला माफ करताहेत, त्यांच्या पद्धतीनं. मग लक्षात आलं की मागचा रविवार त्यांच्याकडे राहिलेलाच नाही. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकत होते.

असं दर रविवारी होऊ लागलं. ताईच नंबर लावून देतात, ते हट्ट धरतात म्हणून. कधी सर रागावतात. एकदा रडले. एकदा हसून म्हणाले, तुझ्या हातून? शक्यच नाही. ते सगळ्यांत अवघड गेलं. बायको म्हणते, एकदा सांगितलंत ना, आता हो म्हणा आणि सोडून द्या, त्यांना थोडंच आठवणार आहे. ताईंनी तर सहाव्या वेळेनंतर स्वतः फोन केला. "आता नका सांगू, भाऊ. दर वेळी त्यांना नव्यानं लागतं. दुपारचं जेवत नाहीत."

मी विचार केला. सांगितलं तर त्यांची एक दुपार जाते. नाही सांगितलं तर एका चुकीचं ओझं ते घेऊन बसतात, जी त्यांची नाही. दुपार मोजता येते, दुसरं येत नाही. तरीही ताई रोज त्यांच्याजवळ आहेत, मी नाही. म्हणून ठरवलं, यापुढे गप्प राहायचं, आणि ताईंना तसा शब्द दिला.

गेल्या रविवारी फोन आला. खोकी, एकशे त्रेपन्न, एकसष्ट. मग त्यांचं ते वाक्य. मी काही बोललो नाही. ते बोलत राहिले. रंग कोणत्या दुकानातून घेतला, दुकानदारानं दुसरा डबा दाखवला होता तो का नाकारला. मग म्हणाले, "माझ्यामुळे तुझं काम वाढलं. म्हाताऱ्याला माफ कर."

ते मला ऐकवेना. खोटं बोलायचं नव्हतं आणि ताईंना दिलेला शब्दही मोडायचा नव्हता. मी म्हणालो, "रंग चांगला होता, सर. उत्तम होता."

सर थांबले. या बाबतीत त्यांचं डोकं अजून लख्ख चालतं.

"मग आकडे गेले कसे?"

मी सातव्यांदा सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ताईंनी फोन घेतला, मी ताई म्हणालो, आणि त्यांनी तो न बोलता ठेवून दिला.